धावदोरा

आमच्या घड्याळात पहाटेचे बारा वाजतात
तेव्हा सुलुल्ताच्या माळावर धुकं असतं
आणि धुक्यातून नुसते कपडे पळत येतात.
आधी एक पिवळं जाकीट, मग तीन निळ्या पट्ट्या.
माणसं मागाहून येतात, धापेसकट.

मी टपरीचं फळकूट उघडतो, मशीनला तेल पाजतो.
इथल्या पोरांचे चेहरे मला आठवत नाहीत,
पण कोणाच्या काखेत काय काचतं ते पाठ आहे.

लेलिसा म्हणतो, गाशे, मानेमागचं लेबल काढा,
पंधराव्या किलोमीटरला चावायला लागतं.
मी काढतो, शिवणीला न दुखवता.
कुठल्या कुठल्या देशांची नावं
माझ्या डब्यात बटणांशेजारी पडून आहेत.
बुल्तीला नेफ्यात चोरखिसा हवा, एका किल्लीपुरता.
"खोलीत आहे काय तुझ्या, चोरण्यासारखं?"
"कुलूप आहे ना," तो म्हणतो.

गारठ्यात अंगावर दोन-दोन थर.
ऊन निलगिरीच्या शेंड्यावर आलं की वरचा थर कमरेला,
आणि गाठ कुठे मारायची यावर रोजचं भांडण.
पोटावर मारली तर श्वास अडतो,
बाजूला मारली तर बाह्या मांडीवर फटके देतात.
एकजण मागे मारतो. शेपूट म्हणून हसतात त्याला,
तो पुढे निघून जाईपर्यंत.

आणि नखरा? आहे की.
पोटात कालचं शिळं शिरो,
पण मोजे जाकिटाच्या किनारीशी जुळलेच पाहिजेत.
मी म्हणतो, अरे, बघतंय कोण? गाढवं?
तर म्हणतात, गाढवांनाही डोळे असतात.

दमितू आली ती बापाचं जाकीट घेऊन.
बाप दगडाच्या खाणीवर होता,
शिवणीत अजून पांढरी भुकटी.
म्हणाली, बाह्या कापा. खांद्यापासून.
चांगल्या बाह्या आहेत, पोरी.
हात मोकळे नसले तर टेकडी चढत नाही, गाशे.
कापल्या.
काखेशी मऊ पट्टी लावली,
माझ्या बायकोच्या जुन्या नेतेलाचा काठ, हिरवा नि लाल,
आतल्या अंगाने.
म्हटलं, कुणाला दिसायची नाही.
"मला माहीत असेल," म्हणाली, आणि घालूनच गेली.

चार महिने मी धुक्यात बिनबाह्यांचं जाकीट शोधायचो.
दिसलं की मशीन सुरू करायचो.

मग निवडीची यादी लागली.
अकरा सेकंद, लेलिसाने सांगितलं,
आणि उगाच आपल्या नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

परवा मंगळवारी ती आली.
एका हातात जाकीट,
पिशवीत त्या दोन बाह्या, धुतलेल्या, घडी केलेल्या.
"जोडून द्या. भाऊ शाळेत जातो, सकाळी कुडकुडतो."
मी काही बोललो नाही.
शिंप्याने मापं घ्यावीत, कारणं घेऊ नयेत.

मशीनवर बसलो. पायटा एकदा दाबला.
मग पाय काढून घेतला
आणि सुई घेतली हातात.
लांब लांब टाके, साधा धावदोरा,
एक टोक ओढलं की सरसर निघून यावा असा.

तिने बाही उलटून पाहिली. शिवण कळते तिला.
"हे टिकायचं नाही, गाशे."
"गारठा सरेपर्यंत टिकेल."

ती बराच वेळ पैसे मोजत राहिली, होते मात्र थोडेच.
काखेतल्या काठावरून एकदा अंगठा फिरवला.
मग रस्ता ओलांडून गेली,
चालतच,
पण समोरून ट्रक येत होता
आणि शेवटची चार पावलं
मी मोजायच्या आत झाली होती.